क्लास काढायच्या आधी मागच्या रांगेत बसा

विशारद पूर्ण झालं की घरचे, शेजारचे सगळे एकच विचारतात, "मग क्लास कधी काढतेस?" मीही वर्षाच्या आत काढला. ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, आठ मुली घेऊन. भरतनाट्यम शिकून आता शिकवायला निघालेल्यांनी माझ्यासारखी घाई करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात. वर्षाला एक धरली तरी सात वर्षं गेली. एवढ्या काळात आपण नाचायला शिकतो. दुसऱ्याचं शरीर वाचणं ही वेगळी विद्या आहे. मी पहिल्याच महिन्यात मुलींना कृष्णाचं छोटं पद बसवून दिलं. पालक खूश झाले. तिसऱ्या महिन्यात एका मुलीचे गुडघे दुखायला लागले. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्याच्या स्थितीत, गुडघे पावलांच्या दिशेनेच उघडायला हवेत, तिचे आत पडत होते. पावलं जबरदस्तीने बाहेर वळवायची आणि मांड्या तेवढ्या उघडायच्या नाहीत, मग पीळ गुडघ्यावर येतो. त्यात खाली लादी. लाकडी जमीन मिळाली तर उत्तम, नाहीतर लहान मुलांकडून जोरात पाय आपटून घेऊ नका, उड्या तर नकोच.

मी वाशीला ताईंकडे गेले. (आमच्याकडे गुरूंना ताईच म्हणतात.) सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सहा महिने माझ्या वर्गात मागे बस. फक्त बघ."

पहिले दोन महिने जड गेले. सात-आठ वर्षांच्या मुली, पहिला तट्टडवू (अडवू म्हणजे नाचाचा मूळ पदन्यास, तट्टडवूत तळपाय आपटायचे), बोल 'तै या तै', आधी विलंबित, मग दुप्पट, मग चौपट. ताई लाकडी ठोकळ्यावर काठीने (तट्टकळी) ठोके द्यायच्या. पुढे काठी माझ्या हातात आली आणि तेव्हा कळलं की ठोका देणाऱ्याचं मन क्षणभर जरी हललं तरी समोरच्या बारा पायांची लय फुटते. संध्याकाळभर तेच तीन बोल. माझे आजोबा आषाढीला वारीत पाउली खेळायचे. दमत कसे नाहीत, असं मी लहानपणी विचारायचे. त्याचं उत्तर मला त्या ठोक्यांत मिळालं. अध्यात्म म्हणजे पदात डोळे मिटून भक्तिभाव दाखवणं, अशी माझी समजूत होती. आता ती राहिलेली नाही. समोरच्या मुलीचा पाय नीट पडेपर्यंत स्वतःचा विचारच मनात न येणं, हे मला मंचावर कधी साधलं नव्हतं, शिकवताना साधलं.

मराठी घरांत अजून ऐकू येतं, "हे तर मद्राशी नाच." तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या होत्या आणि नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी त्या अभ्यासून मुंबईत रंगमंचावर आणल्या, हे मुलींना जरूर सांगा. आपल्या भाषेतली रचना मिळाली की त्यांचा अभिनय किती मोकळा होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पैशांचंही बोलते. पहिली दोन-तीन वर्षं नोकरी सोडू नका. मी सकाळी हिशेबाचं काम करायचे, संध्याकाळी वर्ग. हॉलचं भाडं निघण्याइतक्या मुली जमायलाच वेळ लागतो, आणि परीक्षेच्या दिवसांत शाळेमुळे निम्म्या येत नाहीत. अरंगेत्रमसाठी, म्हणजे मुलीच्या पहिल्या एकल मंचप्रवेशासाठी, पालकांच्या मागे लागू नका. नाट्यगृह, वादक, वेशभूषा, दागिने मिळून तो खर्च कित्येक घरांना झेपत नाही, आणि मुलगी तयार नसताना केलेल्या अरंगेत्रमनंतर नाच सुटतो. असं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

वर्ग संपताना आम्ही भूमीला नमस्कार करतो. तिच्यावर पाय आपटले म्हणून क्षमा मागतो. नव्या मुलींना हे पहिल्या दिवशीच शिकवा, अडवूच्याही आधी.

आता माझ्याकडे बावीस मुली आहेत. शनिवारी सकाळी मी अजून ठाण्याहून वाशीची लोकल पकडते. तिथे ताई सगळ्यांना पहिल्या तट्टडवूला उभं करतात, मीही त्याच रांगेत असते.