रिअल इस्टेट फंडातली पहिली पाच वर्षे: पगार आणि बढतीचा हिशेब कसा मांडावा

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या रिअल इस्टेट फंडाचे, म्हणजे गुंतवणूकदारांचे पैसे जमवून ते जमीन-इमारतींत गुंतवणाऱ्या संस्थेचे, ऑफर लेटर हाती आले, की बहुतेक नवखे उमेदवार सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला होणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यापाशीच थांबतात. तो आकडा आधी फोडून पाहावा. समजा सीटीसी 24 लाखांचा आहे. त्यात 6 लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग, आणि कंपनीचा पीएफचा हिस्सा व ग्रॅच्युइटी मिळून दीड लाख असतील, तर खात्रीचे साडेसोळा लाख उरतात, म्हणजे तुमचा स्वतःचा पीएफ आणि आयकर कापण्यापूर्वी महिन्याला 1 लाख 37 हजार 500 रुपये. व्हेरिएबलबद्दल एचआरला एकच प्रश्न विचारावा, पण नेमका विचारावा: गेल्या दोन वर्षांत याच पदावरच्या लोकांना त्यातला प्रत्यक्ष किती भाग मिळाला? उत्तर गोलमोल आले, तर घरभाड्याचा आणि हप्त्यांचा हिशेब साडेसोळा लाखांवरच बसवावा.

दुसरा प्रश्न फंडाच्या वयाचा असतो आणि तो मुलाखतीत फार थोडे जण विचारतात. देशी फंड बहुधा सेबीच्या 2012 च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमावलीखाली दुसऱ्या वर्गात नोंदलेले असतात आणि त्यांची मुदत ठरलेली असते. सुरुवातीची काही वर्षे पैसे गुंतवण्याची, उरलेली ते सोडवून घेण्याची. संपत आलेल्या फंडात रुजू झालेला ॲनालिस्ट नवी जागा पाहायला क्वचितच जातो. तो बिल्डरकडे थकलेल्या रकमेच्या बैठकांत बसतो. हे काम हलके आहे असे मी म्हणणार नाही, कारण करारातली कोणती कलमे पोकळ निघतात हे तिथेच कळते. मात्र पुढचा फंड उभा राहिला नाही, तर वरच्या जागा तयार होत नाहीत आणि वर्षअखेरचा शेरा कितीही चांगला असला तरी बढती अडते. म्हणून नव्या फंडाचे किती पैसे जमले आहेत, हे विचारायला संकोच करू नये.

ॲनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, प्रिन्सिपल अशी शिडी सर्वसाधारणपणे असते आणि ‘कॅरी’, म्हणजे फंडाच्या नफ्यातला वाटा, बहुधा व्हाइस प्रेसिडेंटच्या पायरीच्या आसपास सुरू होतो. कॅरीचे नुसते आश्वासन ऐकून हुरळून जाऊ नये. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. 1,000 कोटींचे पाच वर्षांत 2,000 कोटी झाले, गुंतवणूकदारांना आधी 8 टक्के चक्रवाढ परतावा द्यायचा आहे आणि कॅरी 20 टक्के आहे, असे धरू. पूर्ण ‘कॅच-अप’ असेल, म्हणजे गुंतवणूकदारांचा 8 टक्के परतावा दिल्यावर व्यवस्थापकांचा वाटा सगळ्या नफ्याच्या 20 टक्के होईपर्यंत पुढचे पैसे आधी त्यांनाच मिळणार असतील, तर व्यवस्थापकांना सगळ्या नफ्यावर 20 टक्के, म्हणजे 200 कोटी मिळतात. कॅच-अप नसेल तर मुद्दल आणि 8 टक्के परतावा मिळून होणाऱ्या 1,469 कोटींच्या वरच्या रकमेवरच कॅरी बसते आणि ती सुमारे 106 कोटी होते. त्यात तुमचा वाटा 1 टक्का असेल, तर एका शब्दाने 94 लाखांचा फरक पडला. वेस्टिंग, म्हणजे हा वाटा टप्प्याटप्प्याने तुमच्या नावावर पक्का होणे, किती वर्षांचे आहे आणि मध्येच नोकरी सोडल्यास पिकलेला हिस्सा तरी हाती राहतो का, हेही लेखी घ्यावे.

बढती एक्सेल मॉडेलवर मिळते असा समज आहे. मॉडेल चुकता कामा नये, हे खरेच. वर्षाला 80 कोटींचे निव्वळ भाडे देणारी इमारत 8 टक्के कॅप रेटने, म्हणजे वर्षाचे निव्वळ भाडे किमतीच्या 8 टक्के धरले तर, 1,000 कोटींची आणि साडेआठने 941 कोटींची ठरते. तो अर्धा टक्का कुठून आणला, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. पण मॉडेल शेजारच्या टेबलावरच्यालाही येते. मराठी वाचणाऱ्याला आघाडी मिळते ती जमिनीच्या कागदांत. भिवंडीजवळच्या गोदामाच्या जागेचा सातबारा समोर आला, की ‘भोगवटादार वर्ग 2’ असे लिहिले आहे का, इतर हक्कांत कुणाचे नाव आहे, बँकेचा बोजा उतरला आहे का, फेरफार प्रमाणित झाला आहे का, हे वकिलांचा अहवाल येण्यापूर्वीच तुम्ही पाहू शकता. वर्ग 2 च्या जमिनीचे हस्तांतर सहसा सरकारी परवानगीशिवाय करता येत नाही आणि त्या एका नोंदीपायी व्यवहाराचे वेळापत्रक काही महिने पुढे ढकलले जाऊ शकते. ही नोंद पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांपुढे ठेवणाऱ्याला पुढच्या साइट व्हिजिटला आपोआप गाडीत जागा मिळते. प्रकल्प निवासी असेल, तर बिल्डरने सांगितलेले विकलेले फ्लॅट महारेराच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून पाहावेत.

आपण काम केलेल्या प्रत्येक व्यवहाराची वही ठेवावी: रक्कम, आपली नेमकी जबाबदारी, आणि व्यवहार फिसकटला असल्यास कशामुळे. गोपनीय कागद मात्र घरी नेऊ नयेत. व्यवहार सुरू झाल्यापासून पैसे परत येईपर्यंत एकदा तरी सोबत राहिलेल्या माणसाची किंमत बाजारात वेगळी लागते, त्यामुळे चार पैसे जास्त मिळतात म्हणून ऐन मध्यात उठून जाणे मला परवडणारे वाटत नाही.

जायचेच ठरले, तर राजीनाम्याची तारीख बोनसच्या कलमाशी जुळवावी. ‘रक्कम देण्याच्या दिवशी कर्मचारी नोटीस पीरियडवर नसावा’ अशा अर्थाचे वाक्य अनेक पत्रांत असते. तसे असेल आणि बोनस जूनच्या पगारासोबत येणार असेल, तर ती रक्कम खात्यात जमा झाल्यावरच राजीनामा द्यावा आणि नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असल्यास नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख तिथून नव्वद दिवस पुढची मागून घ्यावी.