घरी वाईनसोबत जेवण ठेवताय? आधी बर्फ सांगून ठेवा

पहिलं काम बर्फाचं. मटण किती, भाकऱ्या कोण करणार, गोड काय, हे सगळं त्यानंतर. उन्हाळ्यात आठ माणसांना जेवायला बोलावून सोबत वाईन ठेवायची असेल तर आठ-दहा किलो बर्फ लागतो आणि तो घरच्या फ्रिजच्या ट्रेमधून निघत नाही. गेल्या मे महिन्यात मी वाटण आदल्या दिवशी भाजून ठेवलं, सुरमई सकाळी बाजारात जाऊन आणली, ग्लास उसने आणले आणि बर्फ विसरले. रेड वाईन दुपारपासून टेबलावर मांडून ठेवली होती. रात्री ओतली तेव्हा तिला नुसता स्पिरिटचा भपकारा येत होता. पाहुण्यांनी दोन घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवले. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात बर्फ पुन्हापुन्हा येणार.

दिवस ठरवताना दिनदर्शिका समोर घ्या. 26 जानेवारी आणि 2 ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतात. पण निवडणुकीआधीचे, मतमोजणीचे, विसर्जनाचे ड्राय डे ऐनवेळी लक्षात येतात, आणि मग दुकानाच्या बंद शटरसमोर उभं राहावं लागतं. वाईन चार-पाच दिवस आधी आणली की हा प्रश्नच उरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाहुण्यांचे वार विचारा. कोणाचा मंगळवार असतो, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी. श्रावणात तर बेत आखूच नका. पुण्यात असाल तर गुरुवारही टाळा. पाणी बंद आणि वीज बंद हे दोन्ही त्याच वारी येऊ शकतं, आणि वीज गेली की फ्रिज गेला. बर्फ बाहेरून सांगितलेला असेल तर निदान वाईन वाचते.

किती आणायची याचा हिशोब सोपा आहे. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच ग्लास. पिणारे सहा जण असतील आणि प्रत्येकी तीन ग्लास धरले तर चार बाटल्या लागतात, एक हाताशी जास्तीची ठेवा. दोन पांढऱ्या, एक रोझे म्हणजे गुलाबी, दोन रेड, असं मी घेते. उन्हाळ्यात रेड एकच पुरते.

कुठली घ्यायची यावर फार डोकं शिणवू नका, पण आपल्या जेवणाला काय चालतं ते बघा. नाशिकच्या पांढऱ्या वाईनवर माझा भरवसा आहे. तिथल्या सुला वायनरीने 2000 साली पहिली वाईन बाजारात आणली तीही पांढरीच, शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांची. शेनिन किंचित गोडसर असते आणि आपल्या तिखटाला तेच हवं असतं. रेडमध्ये शिराझ द्राक्षाची मटणाला चालते. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझेही बघा. ती मूळची इटलीतली द्राक्षं, सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात वाढलेली. टॅनिन फार असलेली, तोंड ओढून धरणारी रेड मात्र तिखट रश्श्यासमोर ठेवू नका. मिरचीने जीभ पेटलेली असताना ती आणखीच कडू लागते.

नाशिकहून स्वतः आणणार असाल तर गाडीत थर्माकोलचा खोका आणि त्यात बर्फाच्या पिशव्या हव्यातच. बाटल्या डिकीत टाकून वाटेत मिसळ खायला थांबायचं, तासभर गाडी उन्हात, हे करू नका. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी पन्नास अंशांच्या वर जाते. वाईन आतल्या आत शिजते, बूच वर सरकतं, आणि घरी उघडल्यावर तिला शिजवलेल्या जॅमचा वास येतो. तशी झालेली वाईन नंतर कितीही थंड केली तरी सुधारत नाही.

नाशिकच्या गंगापूर धरणाजवळच्या किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीत जानेवारी ते मार्चमध्ये, तोडणीच्या हंगामात, एकदा जाऊन या. वाईन पिण्यासाठी नव्हे, ती थंड कशी ठेवतात ते बघण्यासाठी. द्राक्षं रात्री किंवा पहाटे तोडतात, ऊन चढायच्या आत आत आणतात. स्टीलच्या टाक्यांना बाहेरून थंडाव्याचं वेष्टण असतं आणि पांढरी वाईन बारा-पंधरा अंशांच्या आसपास हळूहळू आंबवतात. तिथल्या माणसांची सगळी धडपड रसाला उष्णता लागू नये यासाठी चाललेली असते. इतक्या कष्टाने जपलेली वाईन आपण घरी आणून गॅसच्या शेगडीशेजारी ओट्यावर ठेवतो. मला याचा खरंच त्रास होतो.

आता पदार्थ. कोथिंबीर वडी, तिसऱ्यांचं सुकं, सुरमई फ्राय, मटण सुकं, भाकरी, आंबेमोहर भात, सोलकढी. एवढं पुरे. आठवा पदार्थ काढलात तर तुम्ही रात्रभर ओट्यापाशीच राहाल. कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या दिवशी भाजून वाटून फ्रिजमध्ये. मटणाला आलं-लसूण, हळद, मीठ लावून तेही आदल्या रात्री. कोथिंबीर वडी उकडून ठेवा, तळायची ऐनवेळी. नारळाचं दूध मात्र त्याच दिवशी काढा, मेच्या उकाड्यात ते आंबायला वेळ लागत नाही. मासे त्याच दिवशी सकाळी आणा. जून-जुलैत किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईच्या नादी लागू नका. त्या महिन्यांत कोंबडी करा आणि समाधानी राहा.

तिखट एक पायरी कमी ठेवा. वाईनसाठी जेवण पांचट करा असं मी म्हणत नाही. ब्याडगी वाढवा, लवंगी कमी करा, म्हणजे रंग आणि वास तसाच राहतो आणि आग उतरते. मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग जिभेवर एकाच जागी जाणवतात, एकीने दुसरी भडकते. थंडपणाने ती दबते. म्हणजे फिक्या जेवणासोबत कोमट वाईन एक वेळ चालून जाईल, आपल्या जेवणासोबत नाहीच. मालवणी किंवा कोल्हापुरी मसाला टेबलावर असेल तर थंड वाईन लागतेच.

जोड्या मी अशा लावते. वडीसोबत आणि सुरमईसोबत शेनिन. तिसऱ्यांसोबत सोव्हिन्यों ब्लाँ, तिचा आंबटपणा आणि तिसऱ्यांचा खारटपणा एकमेकांना उचलून धरतात. रोझे मध्येच कशासोबतही. मटण सुक्यासोबत शिराझ. माशासोबत रेड नको, तोंडात लोखंडाची चव येते. सोलकढी वाईन पिऊन झाल्यावर, भातासोबत. आमसुलाचा आंबटपणा वाईनपेक्षा जास्त असतो, त्यापुढे वाईन पाणचट लागते. श्रीखंड किंवा पुरणपोळीसोबत वाईन ठेवूच नका. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट लागते. श्रीखंड एकटंच पुरेसं आहे.

आणि बर्फ सांगितला का?

आता तो वापरायचा कसा ते नीट वाचा. नुसत्या बर्फात बाटली खोचून ठेवली तर ती लवकर थंड होत नाही, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते. अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी हवं, आणि बाटली मानेपर्यंत बुडायला हवी. त्यात दोन मुठी जाडं मीठ टाका, पाणी शून्याच्या खाली जातं. अशा बादलीत पांढरी वाईन वीस-पंचवीस मिनिटांत तयार होते. फ्रिजमध्ये तेच काम व्हायला दोन-अडीच तास लागतात, तेही फ्रिज सारखा उघडला नाही तर. जेवणाच्या दिवशी फ्रिज सारखा उघडलाच जातो. फ्रीझरमध्ये टाकून विसरायचा धोका पत्करू नका. वाईन गोठली की फुगते आणि बूच ढकलते. फसफसणारी असेल तर बाटली फुटते.

पांढरी आणि रोझे आठ ते बारा अंश, फसफसणारी सहा ते आठ, रेड चौदा ते अठरा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर ओतलेल्या ग्लासात बुडवून बघा. पुन्हा सांगते, रेडसुद्धा. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी हे ऐकून ऐकून लोक ती टेबलावर सोडतात. ज्यांनी हे सांगितलं त्या युरोपातल्या लोकांच्या दगडी घरातली खोली सोळा-अठरा अंशांची होती. आपली मेमधली खोली रात्री नऊलाही तेहतीस असते. त्या तापमानाला अल्कोहोलच आधी नाकात शिरतो आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो. शिराझ दहा-बारा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग उघडा. ग्लासात थोडी थोडीच ओता, शंभर मिलिलिटरच्या वर नको, कारण पंख्याखाली ती बघता बघता कोमट होते. बाटली परत बादलीत ठेवा. टेबलावर ठेवू नका, शोभेसाठीही नको.

बर्फवाल्याला आदल्या दिवशी फोन करा आणि जेवणाच्या दिवशी दुपारी पुन्हा आठवण करा. लग्नाच्या मुहूर्तावर बर्फ मिळत नाही, हे मेमध्ये विसरू नका. लादी आणणार असाल तर फोडायला दस्ता आणि जाड पोतं घरात हवं. निळसर रंगाचा बर्फ खायचा नसतो. बादलीला तो चालेल, सोलकढीत किंवा पन्ह्यात टाकू नका. त्यासाठी खाण्याच्या बर्फाची पिशवी वेगळी आणा आणि दोन्ही वेगळे ठेवा. दोन बादल्या लागतात, एक ओट्याजवळ, एक टेबलाजवळ. खाली जुना टॉवेल. बाटली ओली असते, पुसायला फडकं.

बाहेर जेवायला जाणार असाल तरी हेच. हॉटेलात आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: वाईनचं लायसन्स आहे का, स्वतःची बाटली आणू देतात का आणि त्याचे किती घेतात, आणि आइस बकेट आहे का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. चांगल्या मासळीच्या हॉटेलात रेड बहुतेक वेळा भटारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवरून येते. वेटरला नम्रपणे सांगा की दादा, दहा मिनिटं बर्फात ठेवा. रेड असली तरी सांगा. तो चमकून बघेल, तरी सांगा. लायसन्स नसलेल्या खानावळीत पिशवीतून बाटली नेऊ नका. अडचण मालकाची होते.

ग्लास धुताना वासाचा साबण नको, गरम पाण्याने धुऊन उलटे वाळवा. कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवलेले असतील तर आदल्या दिवशीच काढा. जेवणाच्या खोलीत उदबत्ती लावू नका, मोगऱ्याचा गजराही त्या खोलीत नको. मोगरा मला फार आवडतो, पण त्याच्यापुढे शेनिनचा वास येत नाही. ग्लास दांडीला धरायला सांगा, तळहाताची ऊब वाईनला लागते. बूच काढायचा ओपनर शोधून ठेवा. बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, पण सगळ्यांना नाही.

न पिणाऱ्यांसाठी पन्हं आणि कोकम सरबत, तेही थंडगार, आणि वाईनइतक्याच चांगल्या ग्लासात द्या. त्यांना स्टीलचा पेला आणि बाकीच्यांना काच, असं करू नका. घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, चालणार नसेल तर बेत बदला. प्यायला पाणी भरपूर, प्रत्येकासमोर.

त्या दिवशी: पाच वाजता बर्फ घरात. सात वाजता पांढऱ्या वाईनच्या बाटल्या बादलीत. पाहुणे आले की वड्या तळा. मासे तव्यावर पडले की रेड बादलीत. आठ वाजता पुन्हा बर्फ घाला, पहिला वितळलेला असेल. साडेनऊला भात.

गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये. कॅब आधीच ठरवा. उरलेली वाईन झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा फ्रिजमध्येच, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला.