ट्रॅक रोलरचा नंबर पुसला गेलाय? व्हर्नियर काढा

गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यांत पावसाळ्यात पॅकिंग मशीनचे कॅम रोलर (म्हणजेच ट्रॅक रोलर, पट्टीवर फिरणारी जाड बेअरिंगची चाकं) गंजून अडकतात आणि वरचा नंबर वाचता येत नाही. मग दुकानात अंदाजाने माल घेतला जातो, तो बसत नाही. त्यापेक्षा व्हर्नियर कॅलिपरने मोजा:

१. स्टडवाला, म्हणजे एका बाजूला आटे पाडलेला दांडा असलेला (केआर) असेल तर बाहेरचा व्यास मोजा. ३५ मिमी म्हणजे केआर ३५.
२. नुसतं भोक असलेला (एनएटीआर) असेल तर भोक मोजा. १५ मिमी म्हणजे एनएटीआर १५.
३. नंबरापुढे ‘पीपी’ म्हणजे सीलबंद. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हाच घ्या.

झिजलेला रोलर थोडा कमी भरतो, हे लक्षात ठेवा. जुना नट मात्र टाकू नका: केआर ३०च्या स्टडचा आटा १२ × १.५ आहे (१२ मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर), साधा १२चा नट (अंतर १.७५) त्यावर चढत नाही. जबरदस्ती केलीत तर आटाच जाईल.