तरंगत्या पवनचक्कीचं मॉडेल कलंडतंय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की पीव्हीसी पाइप आणि कॉम्प्युटरचा जुना पंखा घेऊन पोरं माझ्याकडे येतात : समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्कीचं मॉडेल करायचं असतं, पाण्यात उभा तरंगणारा पाइप आणि त्याच्या टोकावर पंखा. सोलापूरला समुद्र नाही, पण ड्रम भरून ठेवायला सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. तक्रार ठरलेली : "सर, उभंच राहत नाही."

बहुतेकदा पाइपात गळ्यापर्यंत वाळू असते. 75 मिमीचा पाइप 60 सेंमी बुडवायचा, तर पंख्यासकट एकूण वजन साधारण 2 किलो 650 ग्रॅम हवं. आर्किमिडीजचा साधा हिशेब. पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला जास्त महत्त्व. दीड किलो वाळू पाइपात वीतभर उंची खाते, तेवढेच भंगारातले लोखंडी नट जवळपास निम्म्यात बसतात. नट मेण ओतून पक्के करा, नाहीतर मॉडेल कललं की तेही त्याच बाजूला धावतात. मग मॉडेल आडवं करून एका बोटावर तोला. तोल साधतो ती जागा बुडापासून 30 सेंमीच्या, म्हणजे बुडालेल्या भागाच्या मध्याच्या, खालीच यायला हवी.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा आठवा. सगळं वजन त्याच्या हाताच्या वर, म्हणून पावलापावलाला तोल सांभाळावा लागतो. आपल्याला नेमकं उलटं हवंय. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ 2017 पासून चालणाऱ्या हायविंड या तरंगत्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पात 6 मेगावॅटच्या 5 चक्क्या आहेत. प्रत्येकीचा दंडगोल सुमारे 78 मीटर पाण्यात आणि भार तळाशी. ढकललं तरी उठणारी बाहुली, एवढंच ते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. हलू नये म्हणून मॉडेल नायलॉनच्या दोरीने तळाला ताणून बांधलं. पहिली लाट आली, मॉडेलला वर येता येईना, पाणी थेट मोटरवर. तेही परीक्षकांसमोर! या प्रकारात साखळी चक्कीला उभं ठेवत नाही, फक्त वाहून जाऊ देत नाही. जड साखळी सैल सोडा, काही कड्या तळाशी लोळू द्या. चक्की सरकली की त्या उचलल्या जातात आणि त्यांचं वजनच तिला मागे ओढतं. (ताणलेल्या दोरांवर उभा राहणारा प्रकारही असतो, पण त्याचं गणित वेगळं.) मॉडेल स्वतःभोवती गिरक्या घेत असेल, तर प्रत्येक साखळीचं वरचं टोक दुभागून पाइपाच्या दोन बाजूंना बांधा.

"सर, हलतंय" ही तर तक्रारच नाही. हलणारच. किती वेळात हलतं ते मोजा. पाइप थोडा दाबून सोडा, दहा हेलकाव्यांना घड्याळ लावा. 60 सेंमी बुडालेला सरळ पाइप एका वर-खालीला साधारण दीड सेकंद घेतो. समुद्राच्या मोठ्या लाटा साधारण 5 ते 20 सेकंदांच्या, म्हणून हायविंडसारखी चक्की त्याहून संथ डोलेल अशी बांधतात. लय जुळली की झोका चढत जातो. ड्रममध्ये लाट भिंतीवर आपटून परतते, म्हणून कडेला काथ्या लावा. शेततळ्यावर जायची हौस असेल तर मोठं माणूस सोबत हवंच; प्लास्टिकच्या उतारावरून घसरलं की वर येता येत नाही.

पाती आपोआप वळवणारं सर्किट लावणाऱ्या हुशार पोरांची चूक जरा खोल आहे. जोराच्या वाऱ्यात चक्की पुढे झुकली की पात्यांना वारा जास्त लागतो. सर्किट घाईघाईने पाती वळवून वारा सोडून देतं, मागे रेटणारा जोर कमी होतो, चक्की आणखी पुढे झुकते. मागे जाताना उलट. म्हणजे सावरायला ठेवलेला माणूसच झोका देतोय. उपाय : सर्किट चक्कीच्या डोलण्यापेक्षा संथ करा. खऱ्या चक्क्यांतही हेच करावं लागतं.

आणि सगळं जमूनही मॉडेल तासातासाला थोडं थोडं खाली जात असेल, तर स्थिरतेचं पुस्तक उघडू नका. बुडाचं झाकण गळतंय. पाइप आधी पूर्ण वाळवा, मगच एमसील लावा.