मंडळी सगळ्यांची व्हायची तर आधी किल्ल्या मोजा

चर्चच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत? फाटकाची, कपाटाची, साउंडच्या खोलीची, दानपेटीची. आज संध्याकाळी कागदावर नावं लिहून काढा. सोलापुरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, मी सेक्रेटरी असताना हा उद्योग केला, तर सगळ्या किल्ल्या फिरून फिरून तीन घरांत निघाल्या. त्यातलं एक घर माझं. आणि 'लोक पुढे येत नाहीत' ही तक्रार दर मीटिंगला मीच करत होतो.

यादी झाली की दोन रविवार वही घेऊन मागच्या बाकावर बसा. कोण बोललं, किती मिनिटं बोललं, कोण नुसतं उठलं-बसलं, एवढंच टिपा. ही वही पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, कोंडीत पकडायला नाही. उलट त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. बाप्तिस्मा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) ही कामं मंडळीच्या नियमाप्रमाणे ज्यांची आहेत त्यांचीच राहणार, हे आधीच बोलून घेतलं की निम्मी धास्ती जाते.

आमची एक चूक सांगतो. उत्साहाच्या भरात आम्ही 'आज साक्षीसाठी माइक सगळ्यांना खुला' असं जाहीर केलं. साक्ष म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं. उठले ते नेहमीचेच दोन काका, आणि पाऊण तास बसले नाहीत. मागच्या बाया घड्याळ बघत होत्या, कारण त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. गप्प बसायची सवय लागलेल्या माणसाला माइक दिला तर तो शेजाऱ्याकडे सरकवतो. त्याला आधी बोलायची सवय लागायला हवी, आणि ती घरात लागते.

म्हणून आठ-दहा घरांचे गट करा, राहत्या भागाप्रमाणे. जुळे सोलापूरचा वेगळा, विडी घरकुलाचा वेगळा. वार ठरवताना पाण्याची पाळी बघा. काही दिवसांआड येणारं पाणी ज्या संध्याकाळी सुटतं, त्या संध्याकाळी बायबल उघडायला कुणालाही सवड नसते. विड्या वळणाऱ्या बाईची कारखान्यात माल देऊन यायची वेळ, यंत्रमागावरच्या माणसाची पाळी, हे त्यांनाच विचारा. आमचं महिला मंडळ वर्षानुवर्षं दुपारी चारला भरायचं. ती वेळ निवृत्त शिक्षिकांच्या सोयीची होती, बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

गटाचा पहिला नियम खाण्याचा: फक्त चहा. हसू नका. पहिल्या घरी शिरा झाला की दुसऱ्या घरी शिरा आणि भजी होतात, आणि तिसरं घर म्हणतं, "आमच्याकडे नको, जागा लहान आहे." जागा तेवढी लहान नसते, महिनाअखेर असते.

मग छोटा उतारा वाचा आणि तीन गोष्टी विचारा. यात काय दिसलं? काय कळलं नाही? या आठवड्यात आपल्या गल्लीत कुणाला काय हवंय? वयाने सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं, मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी, सगळ्यात शेवटी. (वडिलांना हे जड जातं. मलाही गेलं.) तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्यानेच करा: सिव्हिलमध्ये ॲडमिट असलेल्या मामांना डबा कोणी नेला? नेला नसेल तर आज कोण नेणार? घरातली मंडळी ही काही नवी टूम नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्का आणि अक्विल्ला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. हे जोडपं राहुट्या बनवून पोट भरायचं. चादरींच्या गावाला ते परकं वाटू नये.

भाषेचं बघा. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड. तेलुगू बोलणाऱ्या आजींना तेलुगूतच प्रार्थना करू द्या, पण तेवढ्यावर भागवू नका. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय ६ काढा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, तेव्हा त्या कामावर सात जण नेमले. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे मदत निधीच्या कमिटीत कोण हवं, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

रविवारच्या उपासनेत फार उलथापालथ नको. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा उतारा, कुणी वाचायचा ते बुधवारीच सांगा आणि शनिवारी एकदा माइकवर वाचून घ्या. कॉलेजातलं पोरही भर मंडळीत 'नबुखद्नेस्सर'सारख्या नावाला अडखळलं की पुन्हा पुढे येत नाही. आणि भजन वाढवा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगाच्या वळणाची गीतं लिहिली, त्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. पेटी, टाळ आणि ढोलकी असली की अक्षरओळख नसलेल्या आजीलाही दुसऱ्या कडव्यापर्यंत ध्रुवपद पाठ होतं. तिला गीतपुस्तक लागत नाही.

पैशाचं थोडक्यात. ट्रस्ट नोंदलेला असेल तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेब आणि ऑडिट होतच असतं. ३१ मार्चचा तो हिशेब साध्या मराठीत एका पानावर लिहून दाराजवळ लावा. शिवाय एक लहान रक्कम, समजा ₹५,०००, तरुण संघाच्या हाती द्या आणि ती कशावर खर्च झाली हे खर्च झाल्यावरच विचारा. आमच्या पोरांनी पंखे दुरुस्त केले. आम्ही बॅनर केला असता.

शेवटी किल्ल्या. प्रत्येक किल्लीची दुसरी करून घ्या आणि ती यादीत नसलेल्या घरी द्या. फाटकाची आम्ही विडी घरकुलातल्या एका मावशींना दिली. पहिल्या रविवारी त्यांची रिक्षा चुकली आणि फाटक पंधरा मिनिटं उशिरा उघडलं. माझ्या खिशात दुसरी किल्ली होती, ती मी बाहेर काढली नाही. लोक लिंबाच्या सावलीत बोलत उभे होते. मावशी धापा टाकत आल्या, कुलूप काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या रविवारी मीच पहिली."