इटलीत नऊ सीटर व्हॅन घेऊन जुन्या शहरात शिरताय? या चुका टाळा

आठ-नऊ जणांचा ग्रुप असला की फियाट डुकाटोसारखी व्हॅन भाड्याने घ्यायची आणि आईबाबांना चालायला नको म्हणून थेट हॉटेलच्या दारात न्यायची, हा प्लॅन बहुतेक सगळेच करतात आणि सगळ्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, कुठेही जा, जुना भाग झेडटीएल असतो, म्हणजे परमिट नसलेल्या गाड्यांना बंदी. लाल कडेचा पांढरा रिकामा गोल आणि वर कॅमेरा, बस्स. अडवायला पोलीस-बिलीस कोणी नसतो. पाटीवर 'वार्को आत्तीवो' दिसलं की लोकांना वाटतं चालू आहे म्हणजे जा, अहो चालू आहे ती बंदी! हॉटेल आत असेल तर गाडी हातात आल्याआल्या नंबर प्लेटचा फोटो त्यांना पाठवा, ते रजिस्टर करून देऊ शकतात का ते आधीच विचारून ठेवा. चुकून शिरलात तर आत गोल गोल फिरत बसू नका, प्रत्येक कॅमेऱ्याचा दंड वेगळा लागू शकतो. आणि परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात, त्यामुळे "काही आलं नाही, सुटलो" असं लगेच समजू नका.

आता गल्ली. डुकाटोचं अंग २.०५ मीटर, आरसे धरले तर जवळपास अडीच, आणि गूगल मॅप्स काही तुमच्या गाडीची रुंदी विचारत नाही. त्यात तिथे ड्रायव्हर डावीकडे, आपल्याला सवय उजवीकडची, म्हणून उजव्या बाजूचा अंदाजच येत नाही. जुन्या घरांच्या कोपऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी गुडघ्याएवढे दगड रोवलेले असतात, पूर्वी घोडागाडीची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून. सीटवरून तो दगड दिसत नाही, पुढचं चाक आरामात निघून जातं, मागचं मात्र आतून कापत येतं आणि सरकत्या दरवाज्याखालचा पत्रा बरोब्बर दगडावर. उजवीकडे वळताना गाडी थोडी डावीकडे धरा (अगदी भिंतीला चिकटून नको, मागचा भाग बाहेर फेकला जातो), जरा जास्त पुढे काढा आणि मगच स्टिअरिंग फिरवा. टेकलीच तर पुढे रेटायची नाही. आरसे मिटा, स्टिअरिंग आहे तसंच ठेवून हळूच मागे घ्या, एकाने खाली उतरून फक्त उजवं मागचं चाक बघायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, कारण सात जण एकदम "येऊ दे, येऊ दे" ओरडले की कुणाचं ऐकायचं तेच कळत नाही.

अंडरग्राउंड पार्किंगच्या उंचीची पाटी आधी वाचा, बुटकी डुकाटोसुद्धा सव्वादोन मीटर उंच असते. इन्शुरन्समध्ये छप्पर, आरसे, टायर येतात का तेही काउंटरवरच विचारा.

खरं सांगायचं तर गाडी बाहेरच ठेवा. फ्लॉरेन्सला ए-वन हायवेला लागूनच व्हिला कोस्तान्झा पार्किंग आहे, तिथून टी-वन ट्राम थेट सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपर्यंत जाते. सिएनात स्टेशनपासून वर गावाकडे सरकते जिने आहेत, आईबाबासुद्धा आरामात चढतील.