इंग्रजी लिहिताना या चुका टाळा: अर्धवट वाक्यं आणि चिकटलेली वाक्यं

'बिकॉज द ट्रेन वॉज लेट.' इथे पूर्णविराम देऊन माणूस पुढच्या वाक्याकडे वळतो आणि त्याला काहीच खटकत नाही. खटकावं तरी का? 'उशीर का झाला?' 'कारण गाडी लेट होती.' मराठीत हे सर्रास चालतं, इंग्रजी बोलतानाही चालतं. अर्जात किंवा परीक्षेच्या पेपरात मात्र ते अर्धवट वाक्य ठरतं. त्यालाच फ्रॅगमेंट म्हणतात.

बिकॉज, ऑल्दो, इफ, व्हेन यांपैकी एखादा शब्द सुरुवातीला लागला की ते वाक्य एकटं उभं राहत नाही, त्याला मुख्य वाक्य लागतं. 'आय मिस्ड द टेस्ट बिकॉज द ट्रेन वॉज लेट.' किंवा उलट क्रमाने, मध्ये कॉमा देऊन: 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द टेस्ट.' बिकॉजने वाक्य सुरूच करायचं नाही, असं शाळेत अनेकांना सांगितलेलं असतं. तसा नियम नाही. खुशाल सुरू करा, फक्त पुरं करा.

सगळ्यात जास्त फ्रॅगमेंट सापडतात ते ऑफिसच्या पत्रांत. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड 5 जून.' बरं, त्या पत्राचं काय? क्रियापदाचा पत्ताच नाही. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड 5 जून, आय ॲम सेंडिंग द बिल्स.' आता कुठे वाक्य झालं. 'द मॅनेजर बीइंग ऑन लीव्ह.' हाही तसलाच प्रकार. बीइंग क्रियापदासारखं दिसतं, पण त्याला काळ नाही. तिथे 'इज' किंवा 'वॉज' हवं. पत्राच्या शेवटचं 'होपिंग फॉर अ फेव्हरेबल रिप्लाय' तर जुन्या लांबलचक वाक्याचं नुसतं डोकं आहे. पूर्वी त्यापुढे 'आय रिमेन, सर, युवर्स फेथफुली' असं यायचं आणि वाक्य सहीपाशी पुरं व्हायचं. मधलं 'आय रिमेन' गळलं, डोकं तेवढं राहिलं. माझ्या मते ते आता सोडूनच द्यावं. 'आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' सरळ आणि पुरं आहे.

दुसरी चूक याच्या उलट, रन-ऑनची, म्हणजे चिकटलेल्या वाक्यांची. 'आय वेंट टू द बँक, इट वॉज क्लोज्ड.' मराठीत 'बँकेत गेलो, बंद होती' हे झकास वाक्य आहे. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या कॉमाने जोडता येत नाहीत. या चुकीला कॉमा स्प्लाइस म्हणतात. मराठीत ही विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने इंग्रजीवरून आली खरी, पण कॉमाचे इंग्रजी निर्बंध काही सगळे आले नाहीत.

दुरुस्ती सोपी आहे. पूर्णविराम द्या, किंवा कॉमानंतर 'बट' घाला: 'आय वेंट टू द बँक, बट इट वॉज क्लोज्ड.' असं जोडणारे शब्द सातच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' या यादीत नाहीत आणि चांगले लिहिणारेही नेमके इथेच फसतात. 'द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर वी रीच्ड ऑन टाइम' हे चूक. हाउएव्हरच्या आधी पूर्णविराम किंवा सेमिकोलन (;), नंतर कॉमा. सेमिकोलन जमत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, पूर्णविरामाने कोणाचं काही बिघडत नाही.

रन-ऑन म्हणजे लांब वाक्य, हा मात्र गैरसमज आहे. 'इट रेन्ड वी लेफ्ट' हे चार शब्दांचं वाक्यही रन-ऑनच, आणि नीट जोडलेलं साठ शब्दांचं वाक्य निर्दोष असू शकतं.

रन-ऑनच्या भीतीने काहीजण दोन-दोन जोडशब्द वापरतात: 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड.' ही आपली 'जरी-तरी'ची सवय. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवा.

शंका आली तर वाक्याच्या आधी 'इट इज ट्रू दॅट' लावून पाहा. 'इट इज ट्रू दॅट द ट्रेन वॉज लेट' बसतं. 'इट इज ट्रू दॅट बिकॉज द ट्रेन वॉज लेट' लटकतं, म्हणजे तो फ्रॅगमेंट. 'सिट डाउन'सारख्या आज्ञांना ही कसोटी लागू नाही. तिथे 'यू' अध्याहृत असतो, वाक्य पुरंच असतं. मजकूर शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचत गेलात तर मागच्या वाक्याचा आधार मिळत नाही आणि अर्धवट वाक्य लगेच उघडं पडतं.

वर्डसारखी सॉफ्टवेअर फ्रॅगमेंटखाली रेघ ओढतात, पण मथळ्याखाली किंवा यादीतल्या मुद्द्याखाली रेघ आली तर दुर्लक्ष करा. तिथे 'लीव्ह ॲप्लिकेशन' एवढंच लिहायचं असतं.